नलूकाकूंचं विरजण

आमच्या गल्लीत बारा घरं, आणि त्यातल्या अकरा घरांत दही एकच होतं. ते माझ्या आईचं. तिचं नाव नलिनी, पण मिरजेतल्या आमच्या गल्लीपुरती ती नलूकाकू. कुणाकडे नवी सून येवो की नवा भाडेकरू, दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन माणूस आमच्या दारात हजर. "काकू, विरजण देता का थोडं?" आईनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. तिनं ते लग्नात माहेराहून रुमालावर वाळवून आणलं होतं आणि पंचेचाळीस वर्षं एक दिवस खंड पडू दिला नव्हता. परीक्षेला, मुलाखतीला किंवा ऑपरेशनला निघालेला माणूस तिच्या हातची दहीसाखर तळहातावर घेतल्याशिवाय गल्लीबाहेर पडत नसे.

बारावं घर उपाध्येआजींचं. आजी जैन, नेमाच्या कडक. दुसऱ्याचं विरजण त्यांना चालत नसे. कोमट दुधात चांदीचा रुपया आणि लाल मिरचीचे चार देठ टाकून त्यांचं दही रोज नव्यानं लागायचं.

"आजी, रुपयानं दही लागतं होय?" आई चिडवायची.

"लागतंय की. तुझ्यासारखं घट्ट न्हाई लागत, एवढंच."

आई दूध कोमट झालं का ते करंगळी बुडवून बघायची. बोटाला सोसवलं पण जाणवलं की विरजण घालायचं आणि त्याच बोटानं ढवळायचं. मी हॉस्पिटलच्या सूक्ष्मजीव विभागात अठरा वर्षं तंत्रज्ञ. मी तिला थर्मामीटर आणून दिला होता. तो मसाल्याच्या डब्यामागे पडून राहिला. तिचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता, पण दुधाच्या बाबतीत नव्हता.

त्या जानेवारीत आमच्या विभागात नवीन यंत्र आलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. गाव तंबोऱ्यांचं, त्यामुळे चौथ्या दिवशी सगळे त्याला श्रुतीपेटी म्हणायला लागले. नमुन्यातल्या जिवाणूंचं बोलणं ते ऐकायचं आणि माणसाला ऐकू येईल अशा आवाजात वाजवून दाखवायचं.

जिवाणू बोलतात, हे जुनं ज्ञान आहे. प्रत्येक जण बारीकसं रसायन बाहेर सोडतो. एकटादुकटा असला तर ते विरून जातं. गर्दी झाली की साठत जातं, आणि तेवढ्यावरून त्यांना कळतं की आपण पुरेसे झालोय. मग सगळे एकदम वागणं बदलतात. पण आमच्या पेटीचा कान वेगळ्या बोलण्याकडे होता. आपल्या आतड्यात एन्टेरोकॉकस नावाचे जिवाणू असतात. त्यातल्या काहींजवळ डीएनएचं एक छोटं जादा कडं असतं, आणि औषधाला दाद न देण्याची युक्ती त्या कड्यात लिहिलेली असते. ज्यांच्याजवळ कडं नाही ते एक खास संदेश सोडत राहतात. त्याचा अर्थ एवढाच, की माझ्याकडे नाही, दे. ज्याच्याजवळ आहे त्याला हे ऐकू येतं, त्याचं अंग चिकट होतं, तो मागणाऱ्याला बिलगतो आणि कड्याची नक्कल त्याला देऊन टाकतो. स्वतःचं तर शाबूतच राहतं. मी हे आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे विरजणच की."

पेटीसोबत जाडजूड पुस्तिका आली होती. आम्ही तिची पहिली तीन पानं वाचली. आवाज जितका मोठा, तितकी देवाणघेवाण व्हायचा धोका मोठा, असं त्यात होतं. त्यावरून विभागाचा नियम ठरला. ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंटचा नमुना पेटीत लावायचा. आवाज आला तर जुन्या पद्धतीनं काचेच्या बशीत जिवाणू वाढवून औषधं तपासायची, त्याला तीन दिवस लागत. आवाज नसेल तर वीस मिनिटांत 'शांत' असा शेरा मारून सही करायची. सही माझी असायची.

पेटी पारखायला निरोगी माणसांचे नमुने हवे होते. स्टाफचा नमुना दर सोमवारी घ्यायचा ठरलं, आणि शिवाय मी गल्लीतली बाराही घरं गोळा केली, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. शौचाच्या डब्या वाटताना जी थट्टा झाली ती इथं लिहिण्यासारखी नाही. दोन घरं सोडून राहणारे वसंतमामा चिवटे तर डबी कागदात गुंडाळून, वर रिबन बांधून द्यायचे.

आईचा पहिला आवाज मी फोनवर भरून घेऊन घरी ऐकवला. दोन सुरांचा होता. खालून वर चढायचा आणि वरच थांबायचा, पुन्हा खालून सुरू.

"ही मी?" आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो, ऐकलंत का, मी पोटातनं गाते."

माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं तंबोऱ्याची जवारी लावत आले. तारेखालची घोडी घासून आवाज उघडायचा, हा त्यांचा धंदा. त्यांनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले. "गात नाही. मागतेय," म्हणाले.

त्याच महिन्यात आई अंगणात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ती ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि मी तिच्या हुकमाखाली दही लावायची. मी थर्मामीटर शोधायला लागले तर ओरडली, "बोट आहे ना देवानं दिलेलं?" मग मी करंगळी बुडवली. तिचा जीव शांत झाला.

मार्चमध्ये तिचा नमुना गप्प होता. मी तिला म्हटलं, "आई, शांत झालं बघ सगळं. छान." तिला बरं वाटलं. मलाही वाटलं.

मे महिन्यात तिला लघवीचा संसर्ग झाला. चार दिवसांत रक्तात गेला. नेहमीची औषधं पाण्यासारखी वाहून गेली. शेवटची तीन अँटिबायोटिक्स तेव्हा देशभर कुलपात होती, जपून वापरायची म्हणून, आणि ती उघडायची तर पुण्याच्या समितीची परवानगी लागायची. परवानगी वेळेत आली. कुलूप उघडलं. त्या तिन्हीतलं एकही चाललं नाही. एकोणीस मेला दुपारी आई गेली. हॉस्पिटलमध्येच कुठून तरी लागलं असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो. माझ्या विभागात मी दोन महिने कुणाशी धड बोलले नाही.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा दूध तापवलं. विरजण मोडू द्यायचं नव्हतं. अण्णा तेव्हापासून दहीभाताशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नव्हते. जेवताना ताटाकडे बघून हळूच म्हणायचे, "आलीस?" मी ऐकलं नाही असं दाखवायची. वाटी घेऊन येणारेही येतच राहिले, आणि मी देत राहिले.

ऑगस्टमध्ये वसंतमामांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, साधंसं. त्यांचा नमुना शांत होता. जायच्या सकाळी ते दारात आले, तळहात पुढे केला. "तेजू, काकू न्हाईत तर तू दे." मी दहीसाखर घातली, आई ढवळायची तशी करंगळीनं ढवळून. नवव्या दिवशी ते गेले. जखमेतून सुरू झालेलं कशालाच थांबलं नाही.

ऑक्टोबरात अण्णांच्या हृदयाची एक झडप निकामी होत आल्याचं कळलं. दोन पायऱ्या चढल्या की ते भिंत धरायचे. झडप बदलली नाही तर वर्ष निघणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. नमुना मी स्वतः लावला. पेटी गप्प. मी घरी येऊन सांगितलं, "शांत आहे, अण्णा. काळजी नको."

ते भाताचा घास हातात धरून बसले. "आधी वाजत होतं ना माझंही?"

"हो. जानेवारीत."

"आणि वसंताचं?"

"त्यांचंही वाजत होतं. सगळ्यांचंच."

"तेजू, तारा चढवलेला तंबोरा आपोआप गप्प झाला तर मी म्हणेन बिघडला. तुम्ही म्हणता बरा झाला?"

 दुसऱ्या दिवशी विभागात गेल्यागेल्या मी गल्लीच्या दहा महिन्यांच्या नमुन्यांचे भरून ठेवलेले आवाज ओळीनं वाजवले. मार्चमध्ये आई, मग एप्रिलपासून एकेक घर गप्प होत गेलेलं. सप्टेंबरपर्यंत अकरा घरांत आवाज नाही. एकच घर पहिल्या दिवसासारखं तारस्वरात मागत होतं, उपाध्येआजींचं. आमच्या नियमानं गल्लीतली धोक्याची बाई तीच.

मग मी ती पुस्तिका काढली आणि एकतिसावं पान वाचलं. ज्या जिवाणूला कडं मिळतं, तो संदेश सोडायचा थांबतो. मिळालं की मागणं बंद. त्यामुळे नमुन्यात आवाज नसला तर जिवाणू विरळ आहेत की सगळ्यांना कडं मिळून चुकलंय, हे पेटीला सांगता येत नाही, म्हणून शांत नमुनेही बशीत लावून बघावेत. आठ ओळी होत्या. एवढ्या आठ ओळी मी जानेवारीत वाचल्या असत्या तर.

मी अण्णांचा नमुना बशीत लावला आणि आमच्या फ्रिजमधलं चमचाभर दहीही. बशीवर औषधाच्या सात टिकल्या ठेवतात. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही बशा उघडल्या तेव्हा सातही टिकल्यांच्या कडेपर्यंत दाट साय धरली होती. आमच्या विभागप्रमुख डॉक्टर शिरीन बागवान यांनी दोन्ही बशा उजेडाशी धरून बघितल्या.

"हे पोटात असताना झडप बदलायची नाही," त्या म्हणाल्या. "एक जरी रक्तात गेला तर नव्या झडपेवर जाऊन बसेल, आणि आपल्याकडे द्यायला काही नाही. पेटीचे शांत शेरे आजपासून बंद. वर कळवते मी." मग माझ्याकडे वळल्या. "दही आधी थांबव. सहा आठवड्यांत साधे जिवाणू परत आले, मागायला लागले, आणि बशा तीनदा स्वच्छ आल्या, तर जोखीम घेऊ. आलं कुठून हे, तेजस्विनी?"

"आई आजारी होती, मॅडम. तिच्या हातनं दह्यात गेलं असणार."

मी हे अगदी मनापासून म्हटलं. मग तारखा लावायला बसले. कुणाचा आवाज कधी बंद झाला, याची यादी. सगळ्यात वर आईचं नाव येणार हे धरूनच मी ती करत होते. आई, मार्चचा पहिला सोमवार. त्याच्या आधी कुणी नाही ना, म्हणून स्टाफची वही चाळली. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी एक नमुना गप्प झाला होता. शेजारी 'शांत' लिहिलेलं, खाली माझी सही. नमुनाही माझाच होता.

जानेवारीच्या अखेरीस बाहेरगावहून आलेल्या एका अत्यवस्थ पेशंटचा नमुना मी हाताळला होता. तेव्हा फोन वाजला होता, हातमोजे काढायला वेळ नव्हता, तसाच उचलून मी कानाला लावला होता. येताना दूध आण, म्हणून आईचा फोन होता. तिथूनच लागलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझ्या मनात दुसरं काही येतही नाही.

त्या दुपारी मी घरी लवकर आले. अण्णा जेवायला बसत होते.

"अण्णा, हे दही आता खायचं नाही."

सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी ताटाला हात लावला नाही. मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं. दह्यात काय आहे ते सांगितलं, कुठून आलं ते नाही.

"म्हणजे नलूनं गल्लीत रोग वाटला म्हणायचं?" ते म्हणाले. "बिचारी गेली ती गेली, वर बोलही तिलाच?"

"अण्णा, ऑपरेशन..."

"नाही झालं ऑपरेशन तर नाही झालं. माझ्याजवळ तिचं जिवंत असं एवढंच उरलंय. रोज येते ती. तुला हसायचं तर हस."

मला हसू येत नव्हतं. मला पळून जावंसं वाटत होतं. मी गप्प राहिले असते तर आईवर आळ राहिला असता, अण्णांनी दही सोडलं नसतं, आणि त्या दह्यानं त्यांना नेलं असतं. मी फोन काढला आणि जानेवारीतला तो आवाज लावला. दोन सूर, खालून वर.

अण्णांनी डोळे मिटले. "नलू," म्हणाले.

"तेव्हा तिच्याजवळ ते कडं नव्हतं, अण्णा. माझ्याकडे नाही, दे, असं म्हणतायत तिचे जिवाणू. आईनं कुणाला काही वाटलं नाही. तिलाच कुणीतरी दिलं."

"कुणी?"

मी करंगळी टेबलावर ठेवली.  आवाज चालूच होता, वर चढून थांबत होता. अण्णांनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग ओट्याशेजारच्या खुर्चीकडे. ती खुर्ची अजून तिथंच होती.

"तिचं प्लास्टर होतं तेव्हा," ते म्हणाले.

"हो."

"तुला ठाऊक नव्हतं."

"पुस्तिकेत लिहिलेलं होतं."

ते उठले. भिंत धरत फ्रिजपाशी गेले, दह्याचं भांडं काढलं आणि गॅसवर ठेवलं. दही फाटलं, पाणी सुटलं, उकळलं. घरभर आंबट वास पसरला. त्यांनी गॅस बंद केला नाही. भांडं करपेपर्यंत तिथं उभे राहिले. मी बंद करायला पुढे झाले तर म्हणाले, "तू हात लावू नकोस." रागानं म्हणाले की सांभाळून, ते मला आजही कळलेलं नाही.

मग खुर्चीवर बसून बोलले, "वसंताच्या घरी तू सांगायचंस. मी बरोबर येतो. पण सांगायचं तू."

आम्ही दहा दारं फिरलो. वसंतमामांच्या बायकोनं, कुसुममामींनी, सगळं उभ्यानं ऐकलं.  आत गेल्या, दह्याचं भांडं आणून माझ्या पायाशी उंबऱ्यावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. ते भांडं मी दोन पिशव्यांत घालून विभागात नेलं आणि दाबाच्या वाफेत संपवलं. मामी माझ्याशी अजून बोलत नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी उपाध्येआजींच्या दारात वाट्यांची रांग लागली. आजी गोंधळल्या. "अगं, माझ्याकडं काय हाय? रुपया टाका दुधात. मिरची तरी हाय न्हवं घरात?" अण्णांचं जेवण त्यांनी आपणहून अंगावर घेतलं, कारण डॉक्टर बागवानांनी मला सहा आठवडे स्वयंपाकघरात जायला आणि अण्णांना हात लावायला बंदी केली होती. विभागातही मला नमुन्यांपासून लांब, कागदपत्रांच्या कामाला बसवलं होतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. अण्णा पहिल्याच आठवड्यात वैतागले. "झडप राहू दे, जीभच बदलून घेतो," म्हणाले. त्या रुपयाचं पातळ दही ते निमूट खात. ताटाकडे बघून कुणाला हाक मारणं त्यांनी बंद केलं होतं. ते ऐकू येत नव्हतं, हे मला सोसवत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात अण्णांचा नमुना वाजला. बारीक, थरथरता, पण वाजला. बागवान मॅडमनी मला बोलावून ऐकवला आणि मी सगळ्यांसमोर रडले. बशा तीनदा स्वच्छ आल्या. ऑपरेशन नीट झालं, नवव्या दिवशी अण्णा स्वतःच्या पायांनी घरी आले. माझा नमुना मात्र अजून गप्प आहे. दर सोमवारी कुणीतरी लावतं आणि नुसती मान हलवतं. आईचा आवाज फोनमध्ये आहे. मी तो पुसलेला नाही. कधी कधी दुपारी एकटी असताना लावते. ती मागत असते, आणि थांबव म्हणून मी तिला सांगू शकत नाही.

पण मला राहून राहून आठवते ती ऑपरेशनला निघायची सकाळ. चालक नसलेली गाडी दारात येऊन उभी होती. अण्णा धुतलेला सदरा घालून उंबऱ्यात आले आणि सवयीनं माझ्याकडे तळहात पुढे केला, वसंतमामांनी केला होता तसाच. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्यांच्या लक्षात आलं. हात तसाच हवेत राहिला. तेवढ्यात उपाध्येआजी वाटी घेऊन लगबगीनं आल्या आणि चमच्यानं त्यांच्या तळहातावर दहीसाखर घातली.

अण्णांनी ती खाल्ली. मी लांबूनच वाकून नमस्कार केला. वर बघितलं नाही, पण ते दोन पावलं पुढे आल्याचं मला कळलं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि केसांच्या चार बोटं वर थांबला. गाडी "कृपया बसून घ्या" असं तीनदा म्हणेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला होता.